लेंड की बॉरो? देणारी कोण, घेणारी कोण!

‘अहो वहिनी, वाटीभर साखर द्या हो जरा, उद्या वाण्याकडून आली की परत करते,’ हे वाक्य जिच्या दारात कधी आलं नाही, अशी गृहिणी शोधून सापडायची नाही. साखर, विरजण, पाहुणे आले की जास्तीच्या दोन सतरंज्या, ऐन सणात संपलेला गॅसचा सिलिंडर... उसनवारीवाचून शेजार कसला! तिन्हीसांजेला विरजण देऊ नये म्हणणाऱ्या आजेसासूबाईसुद्धा सकाळी मात्र हसतमुखाने देतात. आणि उसनी आणलेली वाटी रिकामी परत पाठवू नये, हेही आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

ही देवघेव आपण मराठीत किती बिनचूक बोलतो पाहा. ‘उसनं दिलं’, ‘उसनं घेतलं’. शब्द एकच, ‘उसनं’. पुढे ‘देणं’ लावलं की वस्तू आपल्या घरातून गेली, ‘घेणं’ लावलं की आपल्या घरात आली. ‘उधार’चंही तेच, ‘कर्जा’चंही तेच, ‘भाड्या’चंही तेच. त्यामुळे घोटाळा होण्याचा प्रश्नच येत नाही.

इंग्रजीची तऱ्हा मात्र निराळी. तिथे या एकाच व्यवहारासाठी दोन अगदी वेगळी क्रियापदं आहेत. उसनं देणं म्हणजे ‘लेंड’ आणि उसनं घेणं म्हणजे ‘बॉरो’. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, हे क्रियापदाच्या पोटातच दडलेलं असतं. आपल्याला तर सवय एकाच शब्दाची! मग शाळेतली मुलं ‘बॉरो मी युवर पेन’ म्हणतात, ऑफिसात जाणारी मंडळी ‘आय लेंडेड हंड्रेड रुपीज फ्रॉम हर’ असं ठोकून देतात आणि ऐकणारा जरा बुचकळ्यात पडतो.

तुम्ही म्हणाल, ‘एवढ्यानं काय बिघडलं? समजणारा समजून घेतो.’ पेनच्या बाबतीत खरं आहे ते. परंतु हेच दोन शब्द बँकेच्या आणि पतसंस्थेच्या कागदांवर छापलेले असतात. ‘इथे सही कर’ म्हणून ते कागद आपल्यापुढे येतात, तेव्हा तिथे कुणी समजून घेत नाही. तिथे सही केलेली असते तेवढंच खरं. म्हणून आज हे दोन शब्द नीट ओळखीचे करून घेऊ या. आधी बोलण्यातले आणि मग कागदावरचे.

लांब गेलं, बरोबर आणलं

लक्षात ठेवायला एक सोपी खूण सांगते. लेंडमधला ‘ल’ म्हणजे ‘लांब गेलं’. वस्तू माझी होती, ती माझ्यापासून लांब गेली. बॉरोमधला ‘ब’ म्हणजे ‘बरोबर आणलं’. वस्तू दुसऱ्याची, ती मी बरोबर घेऊन आले. एवढी खूण मनात ठेवली की निम्मं काम झालं.

आता वाक्यं पाहू. तुमची छत्री तुम्ही शेजारणीला दिलीत, तर तुम्ही म्हणाल, ‘आय लेंट हर माय अंब्रेला’. तीच हकिगत शेजारीण सांगेल तेव्हा म्हणेल, ‘आय बॉरोड हर अंब्रेला’. छत्री एकच, पाऊस एकच, पण बोलणारी बदलली की क्रियापद बदललं. देणारीच्या तोंडी लेंड, घेणारीच्या तोंडी बॉरो.

मागतानाही दोन्ही तऱ्हेने मागता येतं, आणि नेमकी इथेच गल्लत होते. ‘कॅन यू लेंड मी युवर पेन?’ म्हणजे ‘तुम्ही मला पेन द्याल का?’ यात देणार ‘यू’, म्हणून लेंड. ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ म्हणजे ‘मी तुमचं पेन घेऊ का?’ यात घेणार ‘आय’, म्हणून बॉरो. दोन्हींचा शेवट एकच, पेन आपल्या हाती येतं. पण वाक्याची सुरुवात ‘यू’ने झाली की ‘आय’ने, ते आधी पाहायचं आणि मग क्रियापद निवडायचं.

आणखी एक पक्की खूण. बॉरोच्या पाठोपाठ ‘मी’ म्हणजे ‘मला’ हा शब्द कधी येत नाही. ‘लेंड मी’ बरोबर, ‘बॉरो मी’ चूक. कुणाला दिलं ते सांगायचं असेल तर लेंडबरोबर ‘टू’ येतं, जसं ‘शी लेंट द बुक टू मी’. कुणाकडून घेतलं ते सांगायचं असेल तर बॉरोबरोबर ‘फ्रॉम’ येतं, जसं ‘आय बॉरोड द बुक फ्रॉम हर’. लेंडला टू, बॉरोला फ्रॉम. या जोड्या नवरा-बायकोसारख्या पक्क्या आहेत, त्यांची अदलाबदल करायची नाही.

भूतकाळाचीही एक गंमत आहे. बॉरो सरळ वळणाचं आहे, ‘बॉरो’चं ‘बॉरोड’ झालं, संपलं. लेंडचं मात्र ‘लेंडेड’ होत नाही, ‘लेंट’ होतं. ‘सेंड’चं ‘सेंट’ आणि ‘स्पेंड’चं ‘स्पेंट’ होतं ना, तसंच.

आता ‘लोन’ या शब्दाविषयी. लोन म्हणजे कर्ज, हे नाम तर आपल्याकडे मराठीच झालेलं आहे. अमेरिकेत या लोनचं क्रियापदही सर्रास करतात आणि ‘लेंड’च्या जागी वापरतात. तिकडे राहणाऱ्या लेकीसुनांच्या तोंडी ‘लोन मी युवर कार’ असं ऐकलंत, तर त्यांचं इंग्रजी बिघडलं असं समजू नका हो! कागदोपत्री मात्र देणारा तो लेंडर, हे सगळीकडे सारखंच.

परत करायचं असेल तरच

लेंड आणि बॉरो या दोन्हींमध्ये एक अट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे वस्तू परत करायची. परत करायची नसेल तर ते सरळ ‘गिव्ह’ आणि ‘टेक’. म्हणून नणंदेच्या बारशाला आपण भेट देतो ती गिव्ह, आणि बारशापुरती आपली मोत्यांची नथ जाऊबाईंना घालायला देतो ती लेंड. नथ परत आलीच नाही, तर कुठलं क्रियापद वापरायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं!

वाटीभर साखरेचं काय, असा प्रश्न चाणाक्ष मैत्रिणीला नक्की पडेल. नेलेली साखर तर चहात विरघळून गेली. परत येते ती दुसरीच. तरीही इंग्रजीत तिला बॉरोच म्हणतात. तीच साखर परत येणं जरुरीचं नाही, तेवढीच आली की झालं. पैशांचंही असंच असतं. दिलेली नोट परत येत नाही, तेवढी रक्कम परत येते.

पण जी वस्तू जागची हलवताच येत नाही, तिला बॉरो चालत नाही. कुणाच्या घरी गेल्यावर बाथरूमला जायचं असेल, तर ‘मे आय बॉरो युवर बाथरूम?’ असं गंभीरपणे विचारू नये. यजमानीण म्हणेल, बाथरूम काय उचलून नेणार आहे की काय! तिथे ‘यूज’ हे क्रियापद वापरतात, ‘मे आय यूज युवर बाथरूम?’ भिंतीजवळ ठेवलेल्या टेलिफोनलाही ‘यूज’च. हातात घेऊन बाजूला जाता येईल अशा मोबाइलला मात्र बॉरो चालतं.

आणि ज्या वस्तूचं भाडं मोजायचं, तिला ना लेंड ना बॉरो. तिथे ‘रेंट’. गंमत अशी की, इथे इंग्रजांचीही आपल्यासारखीच अवस्था होते. रेंट हे क्रियापद देणं आणि घेणं या दोन्ही अर्थांनी चालतं. ‘आय रेंटेड अ फ्लॅट’ एवढंच कुणी म्हटलं, तर फ्लॅट दिला की घेतला, ते पुढचं ‘टू’ किंवा ‘फ्रॉम’ ऐकल्याशिवाय उलगडत नाही. घरांवर ‘टू लेट’ अशी पाटी दिसते ना, तीत ‘लेट’ म्हणजे भाड्याने देणं. ती पाटी घरमालकाची, भाडेकरूची नव्हे.

गोंधळ फक्त आपलाच नाही

लेंड-बॉरोत चुकलं म्हणून लाजायचं मात्र काही कारण नाही. जर्मन भाषेत उसनं देणं आणि उसनं घेणं या दोहोंना ‘लाइहेन’ हे एकच क्रियापद चालतं. त्यामुळे इंग्रजी शिकणारी जर्मन माणसंही आपल्यासारखीच अडखळतात. एवढंच नव्हे, तर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्या काही बोलींमध्येही ‘बॉरो मी’ आणि ‘कॅन आय लेंड इट’ असं ऐकू येतं. शाळेत आणि लेखी व्यवहारात ते चूक धरतात, एवढंच.

या शब्दांची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. लेंड हा शब्द लोनचा नात्यातलाच. त्याच्या शेवटी असलेला ‘ड’ मूळचा नाही, तो मागाहून येऊन चिकटला. बॉरोची कथा तर फारच बोलकी. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ग’ असा शब्द होता, त्याचा अर्थ जामीन किंवा तारण. त्या बोर्गवरून बॉरो आला. म्हणजे शब्दाच्या मुळाशीच ‘काहीतरी तारण ठेवून घेणं’ हा विचार आहे. पुढे कागदांकडे वळू, तेव्हा ही गोष्ट आठवा.

आपल्या मराठीतही देणाऱ्या-घेणाऱ्यासाठी दोन छान जोडशब्द आहेत. धनको आणि ऋणको. ज्याचं धन तो धनको, ज्याच्या डोक्यावर ऋण तो ऋणको. लेंडर म्हणजे धनको, बॉरोअर म्हणजे ऋणको. आज हे शब्द बोलण्यातून मागे पडले आहेत, पण अर्थ मनात ठसवायला यांच्याइतके सोपे शब्द नाहीत.

मुलांना शिकवताना

मुलं इंग्रजी शाळेत आणि आपण मराठी शाळेत शिकलेल्या, असं आता घरोघरी आहे. दुसरीतिसरीच्या मुलाचा अभ्यास घेताना वजाबाकीत हे बॉरो अचानक समोर येतं. बत्तीसमधून पंधरा वजा करायचे. दोनातून पाच जात नाहीत, म्हणून शेजारच्या दशकाकडून एक घ्यायचा. आपण ज्याला हातचा घेणं म्हणतो, त्यालाच तिथे बॉरो म्हणतात. मुलाने विचारलं, ‘आई, मग तो परत कधी करायचा?’ तर हसू नका. प्रश्न अगदी बरोबर आहे. हा बॉरो तेवढा परत न करण्याचा!

भाषेतही असाच एक परत न करण्याचा प्रकार आहे. एका भाषेने दुसरीकडून शब्द घेतला, की त्याला इंग्रजीत ‘लोनवर्ड’ म्हणजे उसना शब्द म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातले बटाटा आणि पाव, कुलपाची चावी, हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले. इतक्या वर्षांत ते परत मागायला कुणी आलेलं नाही.

घरच्या घरी खेळायला एक सोपा खेळ सांगते. जेवणाची पानं घेताना मुलाच्या हातून ताईला चमचा द्यायला लावा. चमचा देणाऱ्याने म्हणायचं, ‘आय लेंड’. घेणारीने म्हणायचं, ‘आय बॉरो’. मग हात बदला, शब्द बदला. चार दिवस हा खेळ चालला की पाठांतराची गरज उरत नाही. वाचनालयात न्याल तेव्हाही विचारा, ‘लायब्ररी काय करते?’ ‘लेंड करते.’ ‘आणि आपण?’ ‘बॉरो करतो.’ ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झालं आणि मुंबईचं १८९८ साली. पिढ्यान् पिढ्या अशा संस्था पुस्तकं लेंड करत आल्या आणि आपले आजे-पणजे ती बॉरो करून वाचत आले.

काही वाक्प्रचारही मुलांना सांगून ठेवा. ‘लेंड अ हँड’ म्हणजे हातभार लावणं. ‘लेंड ॲन इअर’ म्हणजे कुणाचं गाऱ्हाणं मन लावून ऐकणं. ‘बॉरोड प्ल्यूम्स’ म्हणजे दुसऱ्याची पिसं लावून मिरवणं. आपण ‘उसनं अवसान’ म्हणतो, त्यातलं उसनं हे बॉरोच्या जातीचं.

आता जरा कागदांकडे

इथवर सगळं हसतखेळत झालं. आता मुद्द्याची गोष्ट.

घरासाठी, दुकानासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं ठरतं. घरातली कर्ती माणसं बँकेत जाऊन येतात. मग एके दिवशी दहा-वीस पानांचा इंग्रजी गठ्ठा समोर येतो आणि फुल्या मारलेल्या जागी आपण सह्या करतो. स्वयंपाक अर्धा झालेला असतो, बँकेचा माणूस खोळंबलेला असतो, ‘वाचायचंय कशाला, सगळं ठरलेलंच आहे’ असं कुणीतरी म्हणतं. परंतु मैत्रिणींनो, त्या गठ्ठ्यात आपलं नाव कुठल्या शब्दापुढे लिहिलं आहे, एवढं तरी पाहिल्याशिवाय सही करू नका. पाहायचे शब्द चारच आहेत.

‘लेंडर’ म्हणजे कर्ज देणारी बँक, पतसंस्था किंवा सावकार. सावकाराला इंग्रजीत ‘मनीलेंडर’ म्हणतात तो यामुळेच. आपल्या राज्यात सावकारीसाठी परवाना लागतो. त्यासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आहे.

‘बॉरोअर’ म्हणजे कर्जदार. हप्ते फेडण्याची जबाबदारी याची.

‘को-बॉरोअर’ म्हणजे सहकर्जदार. इथे पुष्कळजणींची समजूत अशी असते की, ‘सह’ आहे म्हणजे आपली जबाबदारी निम्मी. तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे, दोघांनी मिळून एखादं वचन दिलं असेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर समोरचा पक्ष त्यांतल्या कुणाही एकाकडून संपूर्ण वचन पुरं करून मागू शकतो. म्हणजे एकाने हप्ते थकवले, तर दुसरीकडे सगळ्याच रकमेची मागणी येऊ शकते.

‘गॅरंटर’ म्हणजे जामीनदार. हा कर्ज घेत नाही, पैसे याच्या हातात येत नाहीत, तरीही कर्जदाराने न फेडल्यास फेडायचं याने. त्याच कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती सही तर करायची आहे’ म्हणून भावाला, दिराला, मैत्रिणीच्या यजमानांना जामीन राहण्यापूर्वी हे कलम आठवावं. जामीनदाराने कर्ज फेडलं, तर ती रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला आहे. पण ज्याच्याकडे बँकेला द्यायला पैसे नव्हते, त्याच्याकडून आपण ते कसे काढणार, हा विचार सहीच्या आधी करायचा असतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून सांगायची आहे. कर्जाच्या कागदावर को-बॉरोअर म्हणून नाव असलं, म्हणजे घराच्या कागदावरही आपलं नाव आहे, असं मुळीच नाही. कर्जाचा करार वेगळा, घराचं खरेदीखत वेगळं. खरेदीखतावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं आणि कर्जावर मात्र सूनबाईंचंही, असं होऊ शकतं. मग कर्ज आपलं, पण घर आपलं नाही! म्हणून कर्जाच्या कागदावर सही करताना शांतपणे विचारावं, ‘खरेदीखतावर कुणाकुणाची नावं आहेत?’ यात अविश्वास नाही की भांडण नाही. दोघांनी मिळून फेडायचं, तर दोघांनी मिळून वाचायला काय हरकत आहे?

सोनेतारण कर्जाचंही तसंच. पाटल्या आपल्या, पण पावतीवर बॉरोअर म्हणून नाव दुसऱ्याचं असेल, तर बँकेच्या लेखी व्यवहार त्या दुसऱ्याशी झालेला असतो. दागिने आपले असतील, तर पावतीवर नाव कुणाचं घालायचं हे आधी ठरवावं आणि पावतीची एक प्रत आपल्या कपाटात ठेवावी.

सही करण्यापूर्वी

एक युक्ती करून पाहा. कराराची झेरॉक्स मागून घ्या आणि हातात पेन्सिल घ्या. जिथे जिथे ‘बॉरोअर’ दिसेल तिथे ‘आम्ही’ लिहा, जिथे ‘लेंडर’ दिसेल तिथे ‘बँक’ लिहा. मग वाचा. ‘द बॉरोअर शॅल पे’ म्हणजे ‘आम्ही फेडायचं’, ‘द लेंडर मे रिकॉल’ म्हणजे ‘बँक कर्ज परत मागू शकते’. ‘शॅल’ असेल तिथे करावंच लागेल, ‘मे’ असेल तिथे करण्याची मुभा आहे. कुणाच्या वाट्याला किती ‘शॅल’ आले आणि कुणाच्या वाट्याला किती ‘मे’, ते मोजलं तरी करार कुणाच्या बाजूने झुकला आहे हे ध्यानात येतं.

इंग्रजी अजिबात झेपत नसेल, तरी अडून बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा सोपा तक्ता कर्जदाराला देणं बंधनकारक केलं आहे. त्यात रक्कम, मुदत, हप्ते, निरनिराळे आकार आणि ते सगळे धरून होणारा वर्षाचा खरा दर दाखवलेला असतो. आणि तो तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत असला पाहिजे, असंही त्यात म्हटलं आहे. तेव्हा ‘मला मराठीत द्या’ म्हणायला संकोच कसला?

कर्ज फिटल्यावरची गोष्टही ध्यानात असू द्या. पूर्ण कर्ज फिटलं की तीस दिवसांच्या आत घराची मूळ कागदपत्रं परत मिळाली पाहिजेत, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. बॉरो केलेलं आपण परत केलं, मग लेंडरनेही तारण परत करायला हवं ना!

आणि घरगुती उसनवारीत आपणच लेंडर असतो तेव्हा? माहेरी भावाला, मैत्रिणीला पाच-दहा हजार दिले, तर शक्यतो बँकेतून द्यावेत आणि तारीख-रक्कम लिहिलेली चिठ्ठी घ्यावी. उसने दिलेले पैसे परत मिळवण्यासाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, हे १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. भिडेपोटी गप्प बसण्यात ती केव्हा उलटून गेली, ते कळतही नाही.

त्या लेंडर झाल्या!

बायकांनी नेहमी बॉरोअरच्याच रकान्यात राहावं असं थोडंच आहे? सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं उदाहरण घ्या. तिथल्या कष्टकरी बायकांना बचत करायची होती, पण लहान रकमेची खाती कुणी उघडून घेईना. चेतना सिन्हा यांच्यासोबत त्यांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. बायकांना लिहितावाचता येत नाही म्हणून पहिल्यांदा परवानगी नाकारली गेली. बायका हटल्या नाहीत. त्या लिहायला-वाचायला शिकू लागल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवतो, असं त्यांनी सांगितलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. व्याज म्हणजे काय हे या बायका अनुभवानेच शिकल्या होत्या. अक्षरओळख तेवढी मागून आली. गावोगावचे बचत गटही याच वाटेने चालतात. महिन्याला थोडी थोडी रक्कम जमवून गट आपल्यातल्याच एकीला कर्ज देतो, तेव्हा गट लेंडर आणि ती बॉरोअर. पुढच्या वेळी दुसरी.

जरा सराव

खालच्या वाक्यांत काय येईल, लेंड की बॉरो? आधी स्वतः सांगा, मग उत्तरं पाहा.

१. ‘तुमचा इडलीपात्राचा स्टँड नेऊ का?’ कॅन आय ... युवर इडली स्टँड?

२. ‘मला शंभर रुपये देतेस का?’ विल यू ... मी हंड्रेड रुपीज?

३. ‘तिने माझी साडी नेली.’ शी ... माय सारी.

४. ‘बँक घरासाठी कर्ज देते.’ द बँक ... मनी फॉर हाउसेस.

५. ‘आम्ही पतसंस्थेकडून कर्ज घेतलं.’ वी ... मनी फ्रॉम द क्रेडिट सोसायटी.

उत्तरं : १. बॉरो. २. लेंड. ३. बॉरोड. ४. लेंड्स. ५. बॉरोड.

पाचही बरोबर आली असतील तर शाबास! एखादं चुकलं असेल, तर ‘लांब गेलं, बरोबर आणलं’ ही खूण पुन्हा एकदा म्हणा. आणि पुढच्या वेळी कुणी कागद पुढे करून ‘इथे सही कर’ म्हणालं, तर गॅस बारीक करा, हात पुसा, चष्मा लावा आणि आधी एवढंच विचारा, ‘यात मी कोण? लेंडर, बॉरोअर, को-बॉरोअर की गॅरंटर?’ उत्तर मिळाल्याशिवाय पेनचं टोपण काढू नका.